झिजलेला ब्रेक आणि गृहस्थाची काटकसर



आजच्या भाषणाचा विषय दिसावयास अगदीं लहान आहे. मोटारीच्या पुढच्या चाकामागें तळहातावर मावेल एवढी एक पोलादी पट्टी असते व तिच्यावर काळसर मसाल्याचा एक थर घट्ट बसविलेला असतो. हिलाच ब्रेक पॅड म्हणतात. दर चाकामागें असे दोन पॅड असतात. धांवती गाडी थांबविण्याचा बहुतेक भार अखेर याच पट्ट्यांवर पडतो, आणि तो वाहतां वाहतां त्या झिजतात. झिजल्या म्हणजे बदलाव्या लागतात, आणि बदलावयाच्या म्हणजे पैसे मोजावे लागतात. हे पैसे कमी कसे करावे, आणि ते कमी करतांना जिवाशीं खेळ होऊं नये म्हणून कोणती मर्यादा पाळावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कल्याणच्या पुढें कर्जतच्या दिशेनें गेलें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीं या गांवांत दारीं मोटार असणारा मनुष्य म्हणजे डॉक्टर, व्यापारी, नाहीं तर कारखानदार. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. नव्या इमारतींच्या आवारांत मोटारी दाटीवाटीनें उभ्या असतात, आणि त्यांचे मालक बहुधा पगारदार नोकर असतात. हा मनुष्य सकाळीं लोकलनें मुंबईस जातो. मोटार सहा दिवस जागच्या जागीं उभी राहते. आणि रविवारीं आईला दवाखान्यांत नेण्यास, लग्नकार्यास किंवा गांवाकडे जाण्यास ती बाहेर निघते. ती हप्त्यावर घेतलेली असते किंवा दुसऱ्याच्या हातून आलेली असते. अशा गृहस्थाच्या हातीं दुरुस्तीचा अंदाज येतो व त्यांत ‘ब्रेक’ या सदराखालीं चार-पांच हजारांचा आंकडा दिसतो, तेव्हां तो दोहोंपैकीं एक करतो. कांहींहि न विचारतां पैसे देतो, किंवा ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ म्हणून घरीं येतो. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्यानें पैसा विनाकारण जातो. दुसऱ्यानें काय जाईल तें सांगतां येत नाहीं.

आधीं ब्रेक काय करतो हें समजून घेऊं. कारण वस्तूचें कार्य कळल्यावांचून तिचें मोल ठरवितां येत नाहीं. आपण पायानें पेडल दाबतों. पेडलाच्या पलीकडे नळ्यांमधून ब्रेक ऑइल भरलेलें असतें. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोंचतो, हा पास्काल या फ्रेंच पंडिताचा नियम आपण शाळेंत शिकलों आहों. त्याच नियमानें पायाचा दाब चारहि चाकांपर्यंत जातो. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. त्या तबकडीला कवेंत घेऊन बसलेला जो चिमटा, तो कॅलिपर. ऑइलचा दाब आला कीं कॅलिपरमधील पिस्टन पुढें सरकतो व दोन्ही बाजूंचे पॅड तबकडीला आवळून धरतात. घर्षणानें गाडीच्या गतीचें उष्णतेंत रूपांतर होतें आणि गाडी थांबते.

ही उष्णता किती, तें गणितानें पाहूं. माणसांसह गाडीचें वजन १,००० किलो धरा. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जाणारी ही गाडी थांबविली तर ५०,००० ज्यूल उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर केला, तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते, म्हणजे २,००,००० ज्यूल. एवढ्या उष्णतेनें सुमारें ६०० मिलिलिटर पाणी उकळेल. चार माणसांच्या चहाचें आधण एका थांबण्यांत तयार होतें असें म्हणा ना. आतां बदलापुराहून वांगणीवरून नेरळला व तेथून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी नेणारे पुष्कळ असतात. तो घाट उतरतांना गाडी सुमारें ७०० मीटर खालीं येते. या उतारांत जी शक्ति खर्चीं पडावयाची, तिनें वीस लिटरांहून अधिक पाणी उकळलें असतें. त्यांतील कांहीं भाग वारा व टायर घेतात. उरलेला इंजिनानें तरी घ्यावा, नाहीं तर ब्रेकनें. म्हणून घाट ज्या गिअरमध्यें चढलों त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजहि खरा आहे. सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याचे पॅड तापतात, तापल्यावर त्यांची पकड कमी होते, आणि तीं पंधरा-वीस मिनिटें पॅडचें आयुष्य पुष्कळ कमी करून जातात. पॅडची पहिली काटकसर ही अशी बिनपैशाची आहे.

या मसाल्याचा इतिहासहि मनोरंजक आहे. इंग्लंडांतील डर्बीशर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें १८९७ सालीं ब्रेकच्या अस्तराचे प्रयोग सुरू केले. उतारावरून येणाऱ्या घोडागाड्यांचे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचें चामडें लावीत, हें पाहून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. डिस्क ब्रेकचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालीं घेतलें. परंतु त्याचा गाजावाजा झाला तो १९५३ सालीं, फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार मोटारीनें जिंकली तेव्हां. आपल्याकडील आरंभीच्या ॲम्बॅसडर व पद्मिनी मोटारींना ड्रम ब्रेक असत. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींना पुढें डिस्क व मागें ड्रम अशी मिश्र रचना असते. गाडी थांबतांना तिचा भार पुढें झुकतो, त्यामुळें पुढच्या ब्रेकना अधिक श्रम पडतात व त्यांचे पॅड आधीं झिजतात.

किती किलोमीटरनंतर झिजतात, असा प्रश्न साहजिक आहे. याचें एकच उत्तर नाहीं. मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालविणाऱ्याचे पुढचे पॅड ५०,००० किलोमीटर टिकूं शकतात. गर्दींत चालणाऱ्याचे ३०,००० किलोमीटरच्या आंतहि संपतात. आपल्या या तीन गांवांतील चालविणें बहुतेक दुसऱ्या प्रकारचें. स्टेशनाजवळील रिक्षांची दाटी, बाजारांतील हातगाड्या, पावलोपावलीं गतिरोधक, आणि पावसाळ्यांत खड्डे. त्यांतच पाण्याची भर पडते. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली आणि सुमारें हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, हें आपणांस आठवत असेल. अशा पाण्यांत उभी राहिलेली मोटार वरून पुसून चकचकीत करतां येते. पण कॅलिपरच्या खोबणींत शिरलेला चिखल व गंज तसाच राहतो. मग एक पॅड अडकून बसतो, तबकडीला सदा घासत राहतो, आणि एकाच चाकाचा पॅड अकालीं संपतो. म्हणून गाडी पुराच्या पाण्यांत उभी राहिली असेल, तर चाकें काढून ब्रेक साफ करून घेतल्यावांचून ती दूर नेऊं नये.

झीज ओळखण्याच्या खुणा चार आहेत. पहिली खूण कानाची. पुष्कळ पॅडना पातळ पत्र्याची एक जीभ जोडलेली असते. मसाला अडीच-तीन मिलिमीटर उरला कीं ती तबकडीला लागते व चाक फिरतांना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. ही कारखान्यानें मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. हा आवाज न ऐकल्यासारखा केला तर पुढें खरखर ऐकूं येते; ती मसाला संपून लोखंड लोखंडावर घासत असल्याची असते. दुसरी खूण डोळ्याची. आरे असलेल्या चाकांत विजेरीचा प्रकाश टाकला तर बाहेरच्या पॅडचा थर दिसतो. नवा थर सुमारें दहा मिलिमीटर जाड असतो. तीन मिलिमीटर उरला कीं बदलावा. मात्र आंतल्या बाजूचा पॅड कित्येकदां अधिक झिजलेला असतो व तो बाहेरून दिसत नाहीं. म्हणून वर्षांतून एकदां चाक काढून पाहणें हेंच खरें. तिसरी खूण बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीची. पॅड झिजतात तसतसा पिस्टन पुढें येतो व डबींतील ऑइल हळूहळू उतरतें. चौथी खूण पायाची. पेडल पूर्वींपेक्षां खोल जाऊं लागलें, किंवा दाबतांना थरथरूं लागलें, तर गॅरेज गांठावें.

पैशाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा नियम येथेंच येतो : वेळेवर बदललेला पॅड स्वस्त पडतो. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त कारकुनाच्या गाडींतून गणेशोत्सवाच्या सुमारास असा बारीक आवाज येऊं लागला. तो ऐकूं येऊं नये म्हणून त्यांनीं काचा वर करून गाडी चालविली. दिवाळीला गाडी उघडली तेव्हां दोन्ही तबकड्यांवर नखानें जाणवतील असे चर पडले होते. असें झालें म्हणजे काय खर्च होतो, तो हिशेब मांडूं. समजा, पॅडचा संच १,२०० रुपये व मजुरी ४०० रुपये. एकूण १,६०० रुपये. उशीर केला तर त्याच पॅडबरोबर तबकड्यांची जोडी ३,००० रुपये व वाढीव मजुरी ७०० रुपये धरून ४,९०० रुपये होतात. मधले ३,३०० रुपये केवळ दिरंगाईचे. आंकडे गाडीगणिक बदलतील. प्रमाण फारसें बदलणार नाहीं.

आतां काटकसर कोठें करतां येते तें पाहूं.

लहान गाडीच्या पुढच्या पॅडचा चांगला संच साधारणपणें हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान मिळतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यांतला संच महाग असतो. पण गाडीची कंपनी पॅड बहुधा स्वतः करीत नाहीं, ब्रेकचें सामान करणाऱ्या कारखान्याकडून घेते. आपल्या देशांत हें काम करणारे जुने व नामांकित कारखाने आहेत, आणि ते आपल्या नांवाच्या खोक्यांतहि पॅड विकतात. असा संच घेतल्यास किंमत कमी पडते व गुणांत उणें येत नाहीं. दुसरें, मजुरी. शेजारच्या परिचित मिस्त्रीची मजुरी मोठ्या सर्व्हिस सेंटरपेक्षां बहुधा कमी असते, आणि पॅड बदलणें हें काम त्याच्या हातचें आहे. मात्र गाडी वॉरंटीच्या मुदतींत असेल तर तिच्या अटी आधीं वाचाव्या. तिसरें, अंदाजपत्रक सदरवार मागावें. पॅड किती, मजुरी किती, साफसफाई किती, ऑइल किती, हें निरनिराळें लिहून घेतलें म्हणजे कोणतें सदर आवश्यक व कोणतें भरीचें तें कळतें. तबकडी बदलावयास सांगितली तर तिची जाडी मोजून दाखवा म्हणावें. कमींत कमी जाडीचा आंकडा पुष्कळदां तबकडीवरच कोरलेला असतो. त्याहून ती जाड असून चर उथळ असतील, तर लेथवर तासून ती आणखी कांहीं काळ चालते, आणि अंबरनाथसारख्या कारखान्यांच्या गांवीं लेथ शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तासल्यावर मात्र जाडी त्या आंकड्याखालीं जातां कामा नये. चौथें, जुने पॅड परत मागून घ्यावे. नवे खरोखर बसले कीं नाहीं, आणि जुने कितपत झिजले होते, या दोन्ही गोष्टी त्यावरून उमगतात.

आतां काटकसर कोठें करूं नये.

एकाच चाकाचे पॅड बदलूं नयेत. डावें व उजवें चाक सारख्या जोरानें थांबलें पाहिजे. नाहीं तर ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढते. जुन्या पट्टीवर नवा मसाला चिकटवून घेतलेले पॅड कितीहि स्वस्त मिळाले तरी घेऊं नयेत. तो थर तापल्यावर सुटला तर त्या चाकाचा ब्रेक गेलाच. सांडलेलें किंवा उघड्या डब्यांतलें ब्रेक ऑइल पुन्हां वापरूं नये. हें ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ओलावा शिरलेलें ऑइल तापलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पोकळ लागतें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे बनावट पॅड घेऊं नयेत.

बनावट वस्तूंची गोष्ट निघाली कीं लोक उल्हासनगराकडे बोट दाखवितात. ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद जुना आहे. विनोदापुरता तो ठीक आहे. पण ज्यांनीं तो केला त्यांनीं या गांवाचा आरंभहि लक्षांत घ्यावा. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस ठेवण्यांत आलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें येथें नव्या नगराची कोनशिला बसविण्यांत आली. हातांत कांहीं नसतां या लोकांनीं लहान लहान दुकानांतून व्यापार उभा केला. दुकानें पुष्कळ, चढाओढ मोठी, म्हणून भाव कमी, हा या बाजाराचा गुण आहे. नकली माल मुंबईंत विकला जातो, दिल्लींतहि विकला जातो. त्याचा डाग एका गांवास लावणें न्यायाचें नाहीं. गिऱ्हाइकानें पारख शिकावी, हा उपाय सर्व बाजारांत सारखाच लागू पडतो.

ती पारख अशी. खोक्यावर कारखान्याचें नांव, भागाचा क्रमांक, छापील किंमत व उत्पादनाचा महिना स्पष्ट असावा, आणि तोच क्रमांक पॅडच्या पाठीवर असावा. अक्षरें पुसट, शब्दांचे वर्ण चुकलेले, किंवा किंमत छापील किमतीच्या निम्म्याहूनहि कमी, अशी वस्तु बाजूस ठेवावी. पुष्कळ पॅडच्या कडेला किंवा पाठीवर रोमन लिपींतील दोन अक्षरें असतात, उदाहरणार्थ ‘एफ एफ’ किंवा ‘ई एफ’. पहिलें अक्षर साधारण उष्णतेंतील पकड सांगतें, दुसरें तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. पॅडचा मसाला सर्वत्र सारखा असावा. कोपरे भुसभुशीत व बोटाला काळी पूड लागणारा नसावा. आणि पक्की पावती घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वीं बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. म्हणजे पावती टाळून वाचणारी रक्कम आतां पूर्वींहून लहान झाली आहे, आणि पावती नसेल तर वस्तु फसवी निघाल्यावर दाद कशाच्या आधारावर मागणार? पावती असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करतां येते.

नकली वस्तु पैशांतहि परवडत नाहीं. समजा, चांगला संच मजुरीसह १,६०० रुपयांस पडला व ३०,००० किलोमीटर चालला. किलोमीटरमागें खर्च सुमारें ५ पैसे. नकली संच मजुरीसह ९०० रुपयांस पडला व १०,००० किलोमीटरांत संपला. किलोमीटरमागें ९ पैसे. हा झाला खिशाचा हिशेब. दुसरा हिशेब याहून गंभीर आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें येणारी एक गाडी चांगल्या ब्रेकनें सुमारें १४ मीटरांत थांबते असें धरा. तिच्या शेजारीं त्याच वेगानें येणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या ब्रेकचा जोर पांच-सप्तमांश आहे; ती थांबण्यास १९ मीटरांहून अधिक घेईल. आतां १४ मीटरांवर, जेथें पहिली गाडी स्थिर उभी आहे, तेथें दुसरीचा वेग किती असेल? ताशीं सुमारें २७ किलोमीटर. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकासमोर उभें राहून मीं पुष्कळ वर्षें मुलांना रस्ता ओलांडून दिला आहे. तेथें या २७ किलोमीटरांचा अर्थ काय होतो, तें कोणा आईबापांस सांगण्याची गरज नाहीं.

काम कसें चालतें हें मालकास ठाऊक असलें म्हणजे मिस्त्रीहि नीट करतो. चाकाच्या नटा जमिनीवरच थोड्या सैल करून मग जॅक लावावा, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां खालीं भक्कम स्टँड द्यावा. चाक काढल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलतात. त्याला ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. जुने पॅड काढून खोबणी तारेच्या ब्रशानें साफ करावी, आणि कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना ब्रेकसाठीं असलेलें ग्रीस लावावें. साधें ग्रीस रबर फुगवितें, म्हणून तें लावूं नये. पॅडच्या मसाल्याला किंवा तबकडीला ग्रीसचा बोटभर डागहि लागूं देऊं नये. मग पिस्टन हळूहळू मागें दाबतात. त्या वेळीं डबींतील ऑइल वर येतें, तिकडे लक्ष असावें; तें सांडलें तर गाडीचा रंग खातें. पिनांची ही सफाई पुष्कळ ठिकाणीं घाईनें गाळली जाते, आणि मग नवे पॅडहि वांकडे झिजतात. ज्याचा हात पान्यावर बसलेला आहे, त्यानें हें काम घरीं केल्यास मजुरी वाचेल. ज्याचा नाहीं, त्यानें जवळ उभें राहून पाहावें. ज्या गाडीला मागेंहि डिस्क व बटनाचा पार्किंग ब्रेक आहे, तिच्या मागच्या पॅडना घरीं हात लावूं नये. तेथील पिस्टन सोडविण्यास यंत्र लागतें.

येथें मिस्त्रीच्या बाजूनेंहि दोन शब्द बोललें पाहिजे. चाक काढलें कीं आंत काळी धूळ सांचलेली असते, आणि गॅरेजमधील पोरगा ती हवेच्या नळीनें भसकन् उडवितो. जुन्या ब्रेकच्या मसाल्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतु श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यानें वर्षांनंतर असाध्य रोग होतात. आज पुष्कळ पॅडवर ‘ॲस्बेस्टॉस-विरहित’ असें छापलेलें असतें व तेच घ्यावे; परंतु काढला जाणारा जुना पॅड कोणता होता हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणून ती धूळ ओल्या फडक्यानें पुसण्यास सांगावें. त्याला पांच मिनिटें अधिक लागतील. वाटल्यास त्याचे पैसे जास्त द्यावे. आपली बचत दुसऱ्याच्या छातीवर होऊं नये.

पॅड बसल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं पेडल पांच-सहा वेळां दाबून घट्ट करून घ्यावें. पिस्टन मागें ढकललेला असल्यानें पहिल्या दाबास पेडल तळाशीं जातें. हें विसरून गाडी काढणारा मनुष्य समोरच्या भिंतीवरच थांबतो. ऑइलची पातळी पाहावी. पहिले दोन-तीनशें किलोमीटर एकदम जोराचा ब्रेक शक्यतों मारूं नये. हळूहळू दाबून पॅड व तबकडी यांचा मेळ बसूं द्यावा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनीं बदलतात. ती वेळ आलीच असेल तर याच खेपेस बदलून नळ्यांतील हवा काढून घ्यावी. दोन वेळची मजुरी एकदांच द्यावी लागते.

मागच्या ड्रमांतील ब्रेक शू पॅडहून सावकाश झिजतात, म्हणून पुढचे पॅड दोनदां बदलून होईपर्यंत ते पुष्कळदां टिकतात. प्रत्येक वेळीं चारहि चाकांचें सामान बदला असा आग्रह कोणी धरला, तर ड्रम उघडून लायनर दाखवा म्हणावें. मात्र हँडब्रेक पूर्वींपेक्षां अधिक खेंचावा लागत असेल, तर मागचें कामहि पाहून घ्यावें.

बदलापूर हें नांव तेथें पूर्वीं घोडे बदलीत म्हणून पडलें, अशी एक प्रचलित समजूत आहे. ती खरी असो वा नसो. दमलेला घोडा पुढच्या मजलेस जुंपूं नये एवढें शहाणपण त्या काळच्या स्वाराजवळ खास होतें. आपल्या गाडीचे पॅड दमले आहेत कीं नाहींत, हें येत्या रविवारीं गाडी बाहेर काढण्यापूर्वीं विजेरी घेऊन पाहावें. मसाला तीन मिलिमीटरांहून अधिक असेल तर निश्चिंतपणें जावें व दोन महिन्यांनीं पुन्हां पाहावें. कमी असेल तर गाडी गांवाकडे न वळवितां आधीं मिस्त्रीकडे वळवावी.